यंदा सगळ्यांना तेच कॉलेज का पाहिजे?

आलेलं पत्र, थोडं कमी करून:

"ताई, मी अमळनेर तालुक्यातला शेतकरी, कापूस आणि थोडा मका. मुलीला सीईटीला ९३ पर्सेंटाइल पडले, बारावी अमळनेरलाच केली. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखाच्या बरंच खाली. तिला कॉम्प्युटर करायचंय आणि पुण्याच्या एका कॉलेजशिवाय दुसरं नावच घेत नाही. तीन वर्षांपूर्वी या कॉलेजचं नाव आमच्याकडं कोणाला माहीत नव्हतं, आता क्लासमधली निम्मी पोरं तिथंच जायचं म्हणताय. सारं गाव तठेच चालनं! पुतण्या म्हणतो कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेश प्रक्रियेतून, नाही लागलं तर मॅनेजमेंट कोट्यातून करून देतो, माणूस ओळखीचा आहे, साडेतीन लाख वरचे लागतील. जळगावच्या सरकारी कॉलेजचं नाव काढलं की ती रडायला लागते. हे कॉलेज अचानक एवढं चांगलं कसं झालं? आणि मी काय करू?"

भाऊ, कॉलेजचं नाव मी छापत नाहीये. त्या जागी दुसरी दहा नावं टाकली तरी तुमचं पत्र तसंच राहील, आणि त्या कॉलेजबद्दल वाईट म्हणावं असं माझ्याकडं काही नाही, ते चांगलंही असेल. पण "तीन वर्षांपूर्वी कोणाला माहीत नव्हतं" हे जे तुम्ही लिहिलंय ना, खरी मेख तिथंच आहे. हा प्रश्न पडणारे पालक फार कमी, बाकीचे सरळ खोली बघायला पुण्याला निघतात.

माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा कॉलेज जसंच्या तसं असतं, बदललेला असतो कटऑफ. आणि कटऑफ म्हणजे कॉलेजला कोणी तपासून दिलेले मार्क नाहीत. मागच्या वर्षी शेवटच्या सीटवर जो पोरगा बसला त्याचे पर्सेंटाइल, एवढाच त्याचा अर्थ. तो तिथं का बसला हे त्या आकड्यात कुठंच लिहिलेलं नसतं. समजा एका ब्रँचला ६० सीट आहेत आणि शेवटची सीट ७८ ला गेली. पुढच्या वर्षी पाच-सात हुशार पोरांनी, कोणाचा मावसभाऊ तिथं होता म्हणून, कोणाला वरचं कॉलेज थोडक्यात हुकलं म्हणून, ते नाव फॉर्ममध्ये जरा वर टाकलं. त्यांच्या मागं त्यांचे दोस्त आले आणि कटऑफ ८६ झाला. आता ८६ ते ९२ वाली पोरं यादी बघतात, म्हणतात अरे हे तर आपल्या रेंजमध्ये आलं, आणि एका वर्षात आठने वर गेलंय म्हणजे नक्कीच काहीतरी भारी असणार. मग ती सगळी ते नाव वर टाकतात आणि कटऑफ जातो ९३ ला. या सगळ्यात कॉलेजमध्ये काय बदललं? कदाचित काहीच नाही. लॅब तीच, मास्तर तेच, फक्त रांग वाढली आणि रांग बघून अजून लोक रांगेत आले.

यात अजून एक भर पडलीय ती तयार याद्यांची. पूर्वी पोरगं आपल्या मास्तरला विचारायचं, फार तर गावातल्या इंजिनिअरला. आता एकच काउन्सेलर यूट्यूबवर, टेलिग्रामवर हजारो पोरांना तीच यादी देतो, काही जण तर पैसे घेऊन अख्खा ऑप्शन फॉर्म भरून देतात, आणि त्या सगळ्या फॉर्ममध्ये पहिली दहा नावं जवळपास सारखीच असतात. तुमच्या लेकीच्या क्लासमधली निम्मी पोरं एकाच कॉलेजचं नाव घेताय याचं मला म्हणून नवल वाटलं नाही. निम्म्या पोरांनी वेगवेगळा विचार करून एकच उत्तर काढलं असं ते दिसतं, पण विचार एकानंच केलेला असतो आणि तो कोणाच्या फायद्याचा होता ते आपल्याला कळत नाही. सगळे काउन्सेलर तसे नसतात, चांगलेही आहेत, पण जो दोन दिवसांत शंभर फॉर्म भरतो त्याला तुमच्या पोरीची ओळख कधी होणार?

आणि खान्देशचं आपलं अजून एक आहे, आपण माग काढत जातो. एक पोरगं जातं, खोली घेतं, पुढच्या वर्षी चुलतभाऊ त्याच खोलीत, मग गल्लीतली चार. आपली माणसं पिंपरी-चिंचवडला, नाशिकला, सुरतेला उधन्यात अशीच वसली, आणि त्यात काही वाईट नाही, परक्या शहरात आपल्या बोलीचा माणूस असणं ही फार मोठी गोष्ट आहे. ताप आला तर डब्बा आणून देणारं कोणी असतं. पण खोली जवळ आहे म्हणून कॉलेज चांगलं ठरत नाही, हा एवढा फरक पोरांच्या डोक्यात राहत नाही.

हे आपल्याकडंच होतं असंही समजू नका. अमेरिकेत याला नावच पडलंय, फ्लूटी इफेक्ट. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये बोस्टन कॉलेजच्या डग फ्लूटी नावाच्या खेळाडूनं त्यांच्या फुटबॉलच्या मॅचमध्ये अगदी शेवटच्या क्षणाला लांबच लांब पास टाकून मॅच जिंकून दिली, टीव्हीवर सगळ्या देशानं बघितलं, आणि पुढं दोनेक वर्षांत त्या कॉलेजकडं येणारे अर्ज साधारण तीस टक्क्यांनी वाढले. आता मॅच जिंकली म्हणून गणिताचा वर्ग सुधारतो का? पण याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या कॉलेजच्याच लोकांनी नंतर सांगितलं की अर्ज त्या मॅचच्या आधीपासून वाढत होते, नवीन हॉस्टेलं बांधली होती, देशभर फिरून विद्यार्थी आणायचं काम वर्षानुवर्षं चाललं होतं. म्हणजे गाजावाजा एका गोष्टीचा झाला आणि खरं काम दुसरीकडंच चालू होतं. तुम्हालाही हेच शोधायचंय, त्या पुण्याच्या कॉलेजमध्ये गाजावाजा व्हायच्या आधी काही खरं काम झालं होतं का.

रँकचंही तसंच. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ तिथल्या एका गाजलेल्या यादीत दुसऱ्या नंबरवर होतं. २०२२ मध्ये त्यांच्याच गणिताच्या प्राध्यापकानं, मायकल थॅडियस त्यांचं नाव, विद्यापीठानं दिलेले आकडे तपासून हे जुळत नाही असं जाहीर लिहिलं, विद्यापीठालाही काही माहिती चुकीची गेल्याचं मान्य करावं लागलं, आणि पुढच्या यादीत ते एकदम १८ व्या नंबरवर आलं. तिथली पोरं आणि मास्तर त्या सहा-सात महिन्यांत बदलले नव्हते. म्हणून गेटवर लावलेला नंबर वाचून निर्णय घेऊ नका एवढंच म्हणते.

आपल्याकडं लाट कशी असते हे तुमच्या वयाच्या माणसाला मी काय सांगणार, डी.एड.ची लाट तुम्ही डोळ्यानं बघितलीय. तालुक्या-तालुक्यात डी.एड. कॉलेजं निघाली होती, बारावीला चांगले मार्क पडलेली पोरं इंजिनिअरिंग सोडून डी.एड.ला जायची, कोणी शेत गहाण टाकलं, कोणी बैलजोडी विकली, कारण आधीच्या बॅचची पोरं जिल्हा परिषदेत लागलेली दिसत होती. आणि ती खरंच लागली होती, खोटं काही नव्हतं. पण मागून जे गेले ते बाहेर पडेपर्यंत भरती आटली, २०१२ नंतर तर जवळपास थांबलीच, आणि ज्या कॉलेजांसमोर रांगा होत्या त्यातली कितीतरी पोरं मिळत नाहीत म्हणून बंद पडली. तेव्हाच्या पालकांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांनी जे दिसत होतं त्यावर विश्वास ठेवला, फक्त जे दिसत होतं ते मागच्या बॅचचं होतं.

तेच आत्ताच्या पोस्टरचं आहे. तुमच्या लेकीच्या मोबाईलवर ते पोस्टर नक्की असेल, चाळीस लाखाचं पॅकेज, कोट घातलेला हसरा पोरगा, खाली कंपन्यांच्या चिन्हांची गर्दी. तो पोरगा चार वर्षांपूर्वी आत गेलाय, तेव्हा कटऑफ कमी होता आणि सीटही कमी होत्या. तुमची लेक आज गेली तर चार वर्षांनी बाहेर पडणार, आणि तेव्हा तिच्याबरोबर किती पोरं त्याच ब्रँचमधून बाहेर पडणार ते बघा. पूर्वी एका ब्रँचला जास्तीत जास्त २४० सीटची मर्यादा होती, एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांसाठी ती काढून टाकली, त्यानंतर कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंडांच्या, म्हणजे एआय, डेटा सायन्स वगैरेच्या सीट बऱ्याच ठिकाणी भराभर वाढल्या. वरून आयटी कंपन्यांनी २०२१-२२ मध्ये फ्रेशर पोरं भरमसाट घेतली आणि २०२३ पासून हात आखडता घेतला. म्हणजे काही कॉलेजांच्या पोस्टरवर तेव्हाचं पीक अजून दिसतंय.

मग खरं कसं कळेल? माझ्या मते दोन कागद बघा, दोन्ही फुकट आहेत आणि लेकीला शेजारी बसवून बघा, तिच्याच मोबाईलवर.

पहिला कागद एनआयआरएफचा. केंद्र सरकारची ही रँकिंग २०१६ पासून निघते. रँक बाजूला ठेवा, मी माहितीच्या पीडीएफबद्दल बोलतेय. जे कॉलेज यात भाग घेतं त्याला आपण पाठवलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते, बहुतेक वेळा अगदी तळाशी बारीक अक्षरात लिंक असते. ती उघडा आणि चार वर्षांच्या डिग्रीचा प्लेसमेंटचा तक्ता शोधा. त्यात ओळीनं दिलेलं असतं की पहिल्या वर्षाला किती जण घेतले, त्यातले किती वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, पुढं शिकायला किती गेले, आणि नोकरी लागलेल्यांचा मीडियन पगार किती. मीडियन म्हणजे सगळ्यांना पगाराप्रमाणं ओळीनं उभं केलं तर बरोब्बर मधल्या पोराचा पगार. पोस्टरवरचा चाळीस लाखवाला त्या रांगेच्या टोकाला उभा असतो, तुमची लेक मधे कुठंतरी असणार असं धरूनच हिशोब करा, टोकाला गेली तर आनंदच आहे. आणि मीडियन बघताना आधी किती जण लागले तो आकडा बघा, कारण तीनशेतल्या साठ जणांनाच नोकरी लागली असेल तर तो मीडियन त्या साठांचाच असतो, बाकीचे त्यात धरलेलेच नसतात. एक मात्र लक्षात ठेवा, हा तक्ता सगळ्या ब्रँच मिळून असतो, एकट्या कॉम्प्युटरचा नाही. आणि कॉलेजनं यात भागच घेतला नसेल तर का नाही घेतला ते ॲडमिशन काउंटरला विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

त्याच वेबसाइटवर मँडेटरी डिस्क्लोजर नावाची फाइल असते, तीत मास्तरांची यादी असते. एआयसीटीईचा नियम वीस विद्यार्थ्यांमागं एक शिक्षक असा आहे. समजा कॉम्प्युटरला १८० सीट आहेत तर चार वर्षांची मिळून ७२० पोरं झाली, म्हणजे ३६ मास्तर पाहिजेत. यादीत मोजा. किती आहेत, आणि त्यातले किती गेल्या वर्षा-दीड वर्षातच आलेत तेही बघा. सीट एका सहीनं वाढतात भाऊ, शिकवणारा माणूस तसा वाढत नाही. ही मोजणी लेकीलाच करू द्या, तुम्ही केली तर तिला वाटेल बाबा खोट काढताय.

दुसरा कागद सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याचे हे प्रवेश बघणाऱ्या कार्यालयाच्या, कटऑफ याद्यांचा, आणि इथं आपल्याकडच्या पोरांचा सगळ्यात जास्त घोटाळा होतो. यादीत रकाने असतात, जीओपनएच, एलओबीसीओ, असलं काहीतरी लिहिलेलं. सुरुवातीचं जी म्हणजे सर्वांसाठी, एल म्हणजे मुलींसाठी. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर महत्त्वाचं, एच म्हणजे त्याच विद्यापीठाच्या भागातली पोरं, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्य पातळीवरची सीट. तुमच्या लेकीची बारावी अमळनेरची, म्हणजे तिचं होम युनिव्हर्सिटी आपलं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, ज्यात जळगाव, धुळे, नंदुरबार येतात. पुण्याच्या कॉलेजला ती बाहेरची. तिनं एलओबीसीओ आणि जीओबीसीओ बघायचं, एच वाला रकाना तिच्यासाठी नाहीच. आणि गावातलं जे पोरगं अकरावी-बारावीला इंटिग्रेटेडला, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र असतो तिथं, नाशिकला किंवा पुण्याला गेलं होतं ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भागात गेलं, त्याला पुण्यात एच चालतो. म्हणून शेजारच्याला अमुक पर्सेंटाइलला मिळालं मग मला का नाही ही तुलनाच चुकते, आणि मग पोरं रडतात, घरात भांडणं होतात, आणि कारण असतं एक अक्षर. आपल्या भागातल्या, धुळ्याच्या, शिरपूरच्या खाजगी कॉलेजांना मात्र तुमच्या लेकीला एच आहे, ही तिची जमेची बाजू आहे आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. याद्या मागच्या तीन-चार वर्षांच्या काढा, ब्रँचनुसार बघा, पर्सेंटाइलच्या वरती मेरिट नंबर असतो तो पण बघा, आणि त्या वर्षी सीट किती होत्या ते शेजारी लिहा.

आता पुतण्याच्या साडेतीन लाखाबद्दल. भाऊ, हे करू नका. मी सहसा कोणाला असं सरळ सांगत नाही, पण इथं सांगते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. आधी ती निम्मी होती. पण अट अशी की प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंटच्या सीटवर ही माफी नाही. म्हणजे तुमचे साडेतीन लाख तर जातीलच, वरून चार वर्षांची माफ झालेली फी तुम्ही स्वतःच्या खिशातून भरत बसाल, आणि त्या मधल्या माणसानं दिलेल्या शब्दाची पावती कुठंच मिळत नाही. पुतण्याचा हेतू वाईट आहे असं मला वाटत नाही, त्याला बहिणीसाठी धडपड करावीशी वाटतेय. पण ज्या कॉलेजची हवा असते तिथंच हे मधले लोक जास्त फिरतात, आणि हवा टिकवण्यात त्यांचाही हात असतो.

याच्याशी जोडून एक तपासा, ते कॉलेज आता अजून कॉलेजच आहे का. गेल्या काही वर्षांत पुण्याकडं बऱ्याच संस्थांची खाजगी विद्यापीठं झालीत, नाव मोठं होतं, जाहिरात वाढते, पोरांना वाटतं दर्जा वाढला. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या फी माफीतून वगळलेली आहेत. एकाच कॅम्पसमध्ये जुनं कॉलेजही असतं आणि नवीन विद्यापीठही, गेट एकच, त्यामुळे लोकांची गल्लत होते. कॅपच्या यादीत कॉलेजचा कोड असतो, तो कोड आणि ब्रँच जुळवून बघा, नावावर जाऊ नका.

जळगावबद्दल. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, जळगाव हे १९९६ पासून आहे. ते स्वर्ग आहे असं मी म्हणणार नाही. सरकारी कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात हे राज्यभरचं दुखणं आहे, आणि जळगावात पाइप, ठिबक, डाळ, चटई असे उद्योग आहेत पण सॉफ्टवेअर कंपन्या पुण्यासारख्या गल्लोगल्ली नाहीत, म्हणजे इंटर्नशिपला पोरांना बाहेरच जावं लागतं. तुमच्या लेकीला हे जाणवत असेल तर ती चुकीची नाही. पण कमी खर्चात डिग्री, सरकारी शिक्का, आठवड्याला घरी येता येईल एवढं अंतर, हेही खरं आहे. शिरपूरचं आर. सी. पटेल २००१ पासूनचं, बांभोरीचं आणि फैजपूरचं कॉलेज १९८३ पासूनचं, धुळ्यातही आहेत. यांनाही तेच दोन कागद लावा. आपलं म्हणून सूट नको आणि आपलं म्हणून हिणवायलाही नको. मला खरंच वाईट वाटतं की खान्देशातल्या हुशार पोरांना खान्देशातलं कॉलेज मिळालं की ती हरल्यासारखी तोंड लपवतात, आणि हे त्यांना आपणच शिकवलंय, पेढे वाटताना "पुण्याला लागला" असं मोठ्यानं सांगून.

आता तिचं रडणं. तुम्ही लिहिलं नाही पण मला वाटतं ती कॉलेजसाठी कमी आणि मागं राहायच्या भीतीनं जास्त रडतेय. सगळ्या मैत्रिणी एका ट्रॅव्हल्सनं पुण्याला जाणार आणि आपण बॅग घेऊन जळगावच्या गाडीत, हे चित्र तिला दिसतंय. अठरा वर्षांच्या पोरीसाठी हे लहान दुःख नाही, त्याला हसू नका, आणि "लोकांचं काय बघते" असंही म्हणू नका. तिला शांतपणे एवढंच विचारा की उद्या तुझ्या वर्गातल्या एकीलाही ते कॉलेज मिळालं नाही आणि तुला एकटीलाच मिळालं, तर तुला तिथं जायचंय का? ती हो म्हणाली आणि कारणं सांगू शकली, शहर बघायचंय, इंग्रजीची भीती घालवायचीय, हॅकेथॉनला जायचंय, कंपन्या जवळ आहेत, तर ती कारणं खरी आहेत आणि तुम्ही ती मानली पाहिजेत. पुण्याला जायची इच्छा आणि त्या एकाच कॉलेजला जायची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिला तेव्हाच दिसेल. पुण्यात आणि आसपास कॉलेजं भरपूर आहेत, त्यातली काही अशी आहेत की ज्यांचा कटऑफ वर्षानुवर्षं फारसा हलत नाही, कोणी रील बनवत नाही, आणि मीडियन मात्र बरा असतो. तसली दोन-तीन शोधून काढायचं काम तिला द्या.

आणि तुमच्या मनात कुठं असं असेल की मुलगी आहे, जवळच बरी, तर ते तसं स्पष्ट बोला. ट्रेंड खोटा आहे या नावाखाली ते लपवू नका, पोरींना ते बरोबर कळतं. मुलगा असता तर पाठवलं असतं का, हे एकदा स्वतःला विचारा. उत्तर हो असेल तर तिलाही पाठवा.

एक न्यायाची गोष्टही सांगते, गर्दी नेहमी पोकळच असते असं नाही. चार-पाच वर्षं सलग हुशार पोरं एका ठिकाणी येत राहिली तर कंपन्या तिथं यायला लागतात, मास्तरांना पण हुरूप येतो, आणि हवेतून आलेलं नाव खरं होतं. शेजारी बसणारी पोरं हुशार असली की त्याचाही फायदा होतोच. पण डिग्री चार वर्षांची असल्यामुळे हे खरं झालं की नाही ते कळायलाही तेवढाच वेळ लागतो. पहिल्या एक-दोन लाटेत गेलेली पोरं तो अंदाज आपल्या जिवावर घेतात. त्या कॉलेजमधल्या आत्ता थर्ड इयर, फायनल इयरला असलेल्या मुलींशी लेकीचं बोलणं करून द्या. फर्स्ट इयरच्या नकोत, त्या अजून नव्या नवलाईत असतात. विचारायचं की तुमच्या ब्रँचला यंदा किती कंपन्या आल्या, लॅबमध्ये एका मशीनवर किती जणी बसता, लेक्चर होतात का, हॉस्टेल कॉलेजचं आहे की बाहेर पीजी शोधावा लागतो आणि त्याचा महिन्याचा खर्च किती. फी माफ झाली तरी राहणं-खाणं आणि बाकीचे चार्जेस आपल्यालाच आहेत, पुण्यात तोच खरा बोजा असतो. त्यासाठी सरकारच्या वसतिगृहाच्या आणि निर्वाह भत्त्याच्या योजना असतात, त्यातली तिला कुठली लागू होते ती माहिती आत्ताच काढून ठेवा.

फॉर्म भरताना क्रम फार जपून लावा. २०२५-२६ च्या प्रवेशात चार राउंड होते आणि पहिल्या राउंडला पहिल्या नंबरचा पर्याय लागला की तो आपोआप फ्रीझ, म्हणजे तीच सीट कायम, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी लागला तर फ्रीझ, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी. म्हणजे गर्दी बघून एखादं नाव पहिलं टाकलं आणि ते लागलं तर मागं फिरता येत नाही. यंदाची माहिती पुस्तिका उघडून नियम तेच आहेत का ते आधी वाचा. माझा सल्ला असा, दोन्ही कागद बघून झाल्यावर ते पुण्याचं कॉलेज टिकलं तर खुशाल वर टाका, अगदी पहिलं टाका, गर्दी आहे म्हणून टाळायचं काही कारण नाही. नाही टिकलं तर तुम्ही शोधलेली पुण्याची दोन-तीन, मग जळगाव, मग शिरपूर-बांभोरी-धुळे, असं तिच्या आवडीनं खाली या. जळगाव वर की पुण्याचं ते तिसरं वर, हे मी सांगणार नाही, ते आकडे समोर आल्यावर तिला ठरवू द्या. फॉर्म तिनंच भरायचा, सबमिट करायच्या आधी एक रात्र जाऊ द्यायची, आणि पासवर्ड कुठल्याही क्लासवाल्याला किंवा नेट कॅफेवाल्याला द्यायचा नाही, फॉर्म परस्पर बदलल्याच्या तक्रारी मी ऐकल्यात.

आणि हे सगळं व्हायच्या आधी कागदपत्रं. जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल. निकालानंतर सेतूवर आणि तहसीलला झुंबड उडते, सर्व्हर डाऊन असतो, आणि नॉन-क्रिमिलेअरची मुदत संपलेली आहे हे पोरांना शेवटच्या दिवशी कळतं. फी माफीचा अर्ज पुढं महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर करावा लागतो, तिथंही हेच कागद लागतात. तुम्ही पेरणीच्या गडबडीत असाल, तर या कामाला पुतण्याला लावा, त्याला धडपड करायचीच आहे आणि इथं ती खरोखर कामाची आहे.